पाच डॉलरमध्ये आकाश

अमेरिकेतल्या लहान गावांमधल्या जुन्या माणसांनी सांगून ठेवलेल्या पहिल्या विमानाच्या आठवणी वाचत गेलं, की थोड्याच वेळात एक गोष्ट लक्षात येते. गावं वेगळी, राज्यं वेगळी, माणसं वेगळी. आठवण मात्र जवळपास तीच. विमान आधी बाजारपेठेच्या रस्त्यावरून इतकं खालून गेलं की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर धावले. मग ते गावाबाहेर कुणाच्या तरी गुरांच्या कुरणात उतरलं. त्यातून कातडी टोपी घातलेला, तोंडावर तेलाचे शिंतोडे उडालेला एक तरुण खाली आला. वडिलांनी पाच डॉलर काढून दिले, किंवा दिले नाहीत. आणि दिले नाहीत याची रुखरुख सत्तर वर्षांनीही गेलेली नाही.

आपल्याकडे निवडणुकीत तालुक्याच्या गावी पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरतं, तेव्हा सभेपेक्षा जास्त गर्दी हेलिपॅडच्या कडेला असते. धूळ डोळ्यांत जाते, टोप्या उडतात, तरी कुणी हलत नाही. ते चित्र डोळ्यांसमोर ठेवा आणि त्यातून हेलिकॉप्टर, टीव्ही, सिनेमातली विमानं, सगळं काढून टाका. उडणारी वस्तू म्हणजे पक्षी आणि पतंग, एवढंच माहीत असलेलं गाव उरेल. त्या गावात 1920 च्या आसपास काय घडलं असेल, याची कल्पना मग येऊ लागते.

मला या आठवणी फार मोलाच्या वाटतात, आणि त्याचं कारण भाबडी हळहळ नाही. त्यांतली प्रत्येक बारीकशी गोष्ट, म्हणजे ते खालून जाणं, ते कुरण, तोंडावरचं तेल, ते पाच डॉलर, तशी का होती याला ठोस कारण आहे. इंजिनाचं, वाऱ्याचं, पैशाचं किंवा कायद्याचं. ही कारणं कळली की आजोबांची गोष्ट त्या काळच्या विमानविद्येचा पक्का पुरावा होऊन बसते.

गावोगाव फिरणाऱ्या या वैमानिकांना अमेरिकेत ‘बार्नस्टॉर्मर’ म्हणत. बार्न म्हणजे शेतावरचं धान्याचं, गवताचं मोठं कोठार. विमानं येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या फिरत्या नाटक कंपन्या थिएटर नसलेल्या गावात अशा कोठारांत खेळ लावत, त्यावरून हा शब्द पडला होता. तमाशाचा फड किंवा तंबूतला सिनेमा जसा एका जत्रेवरून दुसऱ्या जत्रेला जातो, तसे हे वैमानिक एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे. फरक एवढाच, की यांचा तंबू, गाडी आणि खेळ, सगळं एकच होतं.

त्यांच्या हातात विमानं आली कुठून? उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 रोजी पहिलं उड्डाण केलं ते अवघ्या 12 सेकंदांचं. तिथून चौदा वर्षांत अमेरिका युद्धात उतरली, आणि हजारो तरुणांना घाईघाईनं विमान शिकवायची वेळ आली. त्यासाठी कर्टिस कंपनीचं जेएन-4 हे शिकाऊ विमान मोठ्या संख्येनं बनवलं गेलं. लोक त्याला लाडानं ‘जेनी’ म्हणत. या मालिकेची सहा हजारांहून अधिक विमानं तयार झाली. नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध संपलं आणि सरकारकडे विमानांचे ढीग उरले. नवं असताना सुमारे पाच हजार डॉलरला पडणारं विमान काहीशे डॉलरला मिळू लागलं. दुसरीकडे, उडवायला शिकलेले आणि दुसरं काहीही करायची इच्छा नसलेले तरुण घरी परतले होते. प्रवासी विमान कंपन्या म्हणाव्यात अशा नव्हत्याच. विमानतळ मोजके. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमान उडवायला केंद्र सरकारचा परवाना लागतच नव्हता.

आता जेनीच्या अगदी जवळ जाऊन उभं राहू. लाकडी सांगाडा, एकावर एक असे दोन पंख, त्यांच्या मधे लाकडी खांब आणि तारांचं जाळं. वरच्या पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारे 13 मीटर. सांगाड्यावर कापड ताणून बसवलेलं, कापडावर डोप नावाचा लेप. हा लेप वाळला की कापड आक्रसतं आणि डफावरच्या कातड्यासारखं ताठ होतं. टिचकी मारली तर तसंच वाजतंही. गाईंना या लेपाची चव आवडायची. त्यामुळे रात्री कुरणात विमान उभं केलं, की वैमानिक पंखाखालीच अंथरूण टाकी. तारे बघायची हौस असेलही, पण राखणही तितकीच गरजेची, नाहीतर सकाळी पंखाचा कोपरा चघळलेला मिळायचा.

पुढे आठ सिलिंडरचं, पाण्यानं थंड होणारं ओएक्स-5 इंजिन. ताकद 90 हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या एखाद्या साध्या घरगुती मोटारीएवढी. या इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारे दांडे वर उघड्यावरच हलायचे आणि त्यांना वरचेवर हातानं ग्रीस लावावं लागे. उडताना तेच तेल-ग्रीस वाऱ्याबरोबर मागे उडायचं, आणि मागे उघड्या खोबणीत बसलेला असायचा वैमानिक. आठवणीतलं तेलकट तोंड ते हे. ठिणगी देणारी यंत्रणाही एकच. ती रुसली तर जोडीला दुसरी नाही. पेट्रोल गावातल्याच दुकानातून आणलेलं असे, म्हणून टाकीत ओतताना ते मऊ कमावलेल्या चामड्यातून गाळून घेत. चामड्यातून पेट्रोल खाली जातं आणि पाणी वर राहतं. पाण्याचा एक घोट इंजिनात गेला की ते हवेत बंद पडणार, हे प्रत्येकाला माहीत होतं. गावातली पोरं पेट्रोलचे डबे वाहून आणायची ती एका फेरीच्या आशेवर.

कुरणच का? नाइलाज हे अर्धंच उत्तर झालं. जेनीला ब्रेक नव्हते. शेपटीखाली चाकाऐवजी लाकडी टेकू असे, तो जमिनीत घासत जाऊन वेग कमी करी. डांबरी रस्त्यापेक्षा गवताळ जमीन याला जास्त मानवते. दुसरं कारण वाऱ्याचं. विमानाला तोलून धरते ती पंखावरून वाहणारी हवा. खाली जमीन किती वेगानं सरकते याच्याशी पंखाला देणंघेणं नसतं. समजा हवेत टिकायला ताशी 70 किलोमीटरची हवा पंखावरून जायला हवी, आणि समोरून 20 चा वारा आहे. मग जमिनीवर टेकताना विमान 50 नंच पळत असतं. पाठीमागून तोच वारा असेल तर 90 नं. ब्रेक नसलेल्या विमानाला हा फरक म्हणजे सुखरूप थांबणं आणि कुंपणात घुसणं यांतला फरक. चौफेर मोकळ्या कुरणात वारा येईल त्या दिशेला तोंड करून उतरता येतं.

म्हणूनच गावावरून ती खालची फेरी. लोक गोळा करणं, वरून जाहिरातीचे कागद टाकणं हा त्यातला धंद्याचा भाग होताच. पण त्याच फेरीत वैमानिक धुराड्यांचा धूर कुठे झुकतोय, दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडताहेत, हे पाहून वारा जोखत असे. कुरणात खड्डे, ओढा, तारा आहेत का, हेही पाहून घेई. पोरांना वाटायचं, पाहुणा आपल्याला हात करतोय. तो हात करतही असे. त्याची नजर मात्र वाळत घातलेल्या कपड्यांवर असे.

आता मुळात विमान वर राहतं कसं, ते. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून जे केलं (आणि मोठ्यांची बोलणी खाल्ली), ते आठवा. तळहात जमिनीला समांतर धरला की हवा नुसती कापली जाते. पुढची कड जरा वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. पंख हेच करतो: येणाऱ्या हवेला खाली वळवतो, आणि त्या बदल्यात स्वतः वर ढकलला जातो. पण तळहात फारच उभा केला, की उचलणं थांबतं आणि हात नुसता मागे ओढला जातो. विमानाच्या बाबतीत या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. पंखाच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि पंखाचा आधार जातो. इंजिन बंद पडणं ही वेगळीच गोष्ट आहे. इंजिन बंद पडलं तरी नाक किंचित खाली ठेवलं तर विमान घाट उतरणाऱ्या सायकलीसारखं घसरत, पण पूर्ण ताब्यात, खाली येतं. जेनीच्या वैमानिकांनी अशा कितीतरी उतरणी शेतांमधून केल्या आणि दुरुस्ती करून पुन्हा उडाले.

जीव जायचा तो दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर. उड्डाण झालंय, शंभर-दीडशे फूट उंची गाठलीय, इंजिन खोकलं. समोर झाडं, मागे ओळखीचं कुरण. माणसाचा हात नकळत मागे वळण्यासाठी विमान वळवायची काठी ओढतो. वळताना वेग कमी होतो, नाक वर राहतं, आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेत खाली जातं. दोन हजार फुटांवर हेच घडलं असतं तर सावरायला वेळ मिळाला असता. पण जेनीला दोन हजार फूट चढायलाच सात-आठ मिनिटं लागत, आणि पाच डॉलरच्या फेरीत तितका वेळ आणि पेट्रोल कोण घालवणार? धंद्याचं गणितच विमानाला खाली, धोक्याच्या उंचीवर ठेवत होतं.

हे पैशाचं गणित नीट पाहण्यासारखं आहे. युद्ध संपल्यावर लगेच छोट्याशा फेरीला पंधरा डॉलरही मिळत. 1923 च्या सुमारास भाव पाचावर आला. त्या पाचाची किंमत काय? 1914 मध्ये हेन्री फोर्डनं कारखान्यात दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. म्हणजे दहा मिनिटांच्या फेरीला चांगल्या कामगाराची दिवसभराची कमाई. पुढे मोठ्या हवाई सर्कशींनी एक डॉलरची फेरी काढली. म्हणून कुणी आपल्या पणजोबांची आठवण सांगू लागलं तर मी आधी विचारेन, पैसे किती दिले होते? त्या आकड्यावरून सालाचा अंदाज येतो.

भाव पडला तसा खेळ वाढला. सगळ्या गावांनी एकदा विमान पाहून झाल्यावर नुसतं विमान बघायला कोण येणार? मग पंखावर चालणं आलं, एका विमानातून दुसऱ्यात जाणं आलं, धावत्या मोटारीतून दोरीच्या शिडीनं विमानात चढणं आलं. टेक्सासचा ऑर्मर लॉकलिअर हा लष्करात विमान शिकताना पंखावर उतरू लागला आणि 1919 पासून त्याच कसबावर देशभर गाजला. 2 ऑगस्ट 1920 रोजी, रात्रीच्या वेळी एका चित्रपटासाठी कसरत करताना विमान कोसळून तो गेला. वय तीसही नव्हतं.

पंखावर माणूस उभा राहूच कसा शकतो, हा प्रश्न मला पूर्वी फार छळायचा. उत्तर वेगात आहे. जेनी ताशी शंभराच्या आत-बाहेर उडायची. या वेगाची हवा उभ्या माणसाला साधारण तीस-पस्तीस किलोच्या जोरानं मागे ढकलते. दणकट माणूस तार धरून तेवढं पेलू शकतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग आठपट झाला तर जोर चौसष्टपट. हवा जमिनीजवळच्याइतकीच दाट धरली, तर आजच्या प्रवासी विमानाच्या पंखावर तोच जोर दोन टनांच्या वर जाईल. शिवाय जेनीच्या पंखांमधलं खांब-तारांचं जाळं म्हणजे हाताला आयता कठडा. पाय मात्र लाकडी पट्टीवरच पडायला हवा. कापडावर पडला तर थेट आरपार. आणि माणूस टोकाकडे सरकला की तो पंख जड होतो, तेव्हा वैमानिकाला त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं तोल सावरावा लागतो. बघणाऱ्यांना एक माणूस दिसायचा. प्रत्यक्षात ते दोघांचं काम होतं, आणि खालून टाळ्या फक्त एकालाच मिळायच्या.

या सगळ्यांत जिच्यापाशी मी सारखा परत येतो ती बेसी कोलमन. जन्म 1892 चा, टेक्सासमध्ये. डॅलसच्या दक्षिणेला वॉक्सहॅची नावाचं कापसाचं गाव आहे, तिथे ती वाढली. घरची माणसं कापूस वेचायला जात, तीही जाई. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला कापूस वेचण्यात पाठीचं आणि बोटांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. पुढे ती शिकागोला गेली, सलूनमध्ये नखं सजवण्याचं काम करू लागली. विमान शिकायचं ठरवलं तर काळी म्हणून आणि बाई म्हणून अमेरिकेतल्या एकाही शाळेनं तिला घेतलं नाही. तेव्हा ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली, आणि 15 जून 1921 रोजी आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन परतली. आफ्रिकन अमेरिकन बाईनं मिळवलेला हा पहिला परवाना.

1923 मध्ये लॉस एंजेलिसजवळ तिचं इंजिन उड्डाण होताच बंद पडलं. पाय आणि बरगड्या मोडल्या. वर सांगितलेला तोच कमी उंचीचा सापळा. ती बरी होऊन पुन्हा उडू लागली. 1925 मध्ये वॉक्सहॅचीत, स्वतःच्या गावी, खेळ ठरला तेव्हा आयोजकांनी गोऱ्यांना एक आणि काळ्यांना वेगळं फाटक ठेवलं होतं. बेसी म्हणाली, सगळे एकाच फाटकातून आत येणार असतील तरच उडेन. त्यांनी ते मान्य केलं. आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. गावाच्या आठवणीत त्या दिवशीच्या गिरक्या किती उरल्या असतील कोण जाणे. ते एक फाटक मात्र आजही सांगितलं जातं.

काळ्या मुलामुलींसाठी विमानशाळा काढायची म्हणून ती पैसे जमवत होती. एप्रिल 1926 मध्ये तिनं एक जुनी जेनी घेतली. मेकॅनिक विल्यम विल्स ती डॅलसहून फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला घेऊन आला, तेव्हा वाटेतच इंजिनानं त्रास देऊन त्याला खाली उतरायला लावलं होतं. 30 एप्रिलला दोघं सरावाला वर गेले. विल्स उडवत होता. दुसऱ्या दिवशीच्या पॅराशूट उडीची जागा कडेवरून वाकून पाहता यावी म्हणून बेसीनं पट्टा बांधला नव्हता. विमान अचानक नाकावर गेलं, उलटलं, आणि ती बाहेर फेकली गेली. विल्सही वाचला नाही. अवशेषांत एक पाना सापडला, विमान वळवणाऱ्या यंत्रणेत अडकलेला. एक सुटा राहिलेला पाना.

बरोबर वीस दिवसांनी, 20 मे 1926 रोजी, अमेरिकेत हवाई वाहतुकीचा पहिला संघराज्यीय कायदा झाला. वैमानिकाला परवाना, विमानाला तपासणी, उडण्याचे नियम. फिरत्या वैमानिकांपैकी पुष्कळांना हा कायदा जाचक वाटला, आणि त्यांचा धंदा त्यानंच बुडवला हे खरं आहे. थकलेल्या जेन्या तपासणीत टिकणाऱ्या नव्हत्या. तरीही माझं मत कायद्याच्याच बाजूनं आहे. वडिलांनी पाच डॉलर देऊन पोराला ज्या विमानात बसवलं, त्यात पाना राहिलाय का, हे कुणीतरी बघायलाच हवं होतं.

कायद्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी चार्ल्स लिंडबर्ग हा वैमानिक एकट्यानं, अटलांटिक ओलांडत, न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पोचला. तोही याच कुरणांमधून आलेला. 1923 मध्ये त्यानं जॉर्जियातल्या अमेरिकस गावी 500 डॉलरला जेनी घेतली, तेव्हा तो एकट्यानं कधीच उडाला नव्हता. पहिलं एकट्याचं उड्डाण त्यानं विकत घेतलेल्या त्याच विमानात केलं. त्या उन्हाळ्यात त्यानं सिनेटच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या वडिलांना प्रचारासाठी विमानातून नेलं. 1927 मध्ये पॅरिसहून परतल्यावर त्यानं सगळ्या 48 राज्यांचा दौरा केला आणि जिथे उतरता येत नव्हतं अशा गावांवरून जाताना वरून संदेशाच्या पिशव्या टाकल्या. त्यामुळे ‘लिंडबर्ग आमच्या गावी आला होता’ असं कुणी सांगितलं तर लगेच खोडून काढू नये. किती पंख होते ते विचारावं. दोन जोड्या असतील तर गोष्ट जेनीच्या दिवसांतली. वर एकच पंख असलेलं रुपेरी विमान असेल तर ती 1927 ची असू शकते.

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. 1929 च्या सुमारास नेव्हिल विंटसेंट नावाचा, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक हिंदुस्थानात असाच गावोगाव लोकांना पैसे घेऊन फेऱ्या मारत फिरत होता. इथली अंतरं, मैदानं, ऋतू त्याला वरून दिसले होते. इंग्लंडहून येणारी हवाई टपाल कराचीला थांबते, ती पुढे मुंबई-मद्रासला विमानानं का नेऊ नये, ही योजना घेऊन तो टाटांकडे आला. जे. आर. डी. टाटांना ती पटली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, आणि तिथून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत ती नेली विंटसेंटनं.

जुहूची धावपट्टी म्हणजे तेव्हा समुद्राकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात भरती आली की ती पाण्याखाली जायची. मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा बारदाना घाटावर, पुण्याला हलायचा. तिथे त्यांना उतरायला मिळालं होतं ते येरवड्याच्या तुरुंगालगतचं मैदान.